एका दिवसात अख्खं विजापूर

दुसऱ्या शनिवारी आमच्या शहापूरच्या गल्लीतले अठ्ठावीस जण मिनीबस करून विजापूरला जाऊन आलो. पहाटे चारला निघालो, परत यायला रात्रीचा एक वाजला. यादी म्हणाल तर गोल घुमट, जुम्मा मशीद, बारा कमान, मलिक-ए-मैदान, इब्राहिम रोजा, साठ कबर आणि "जमलं तर अलमट्टी". जमलं नाही, नशीब!

माझं म्हणणं एवढंच की विजापुरात एका दिवसाला दोन जागा पुष्कळ झाल्या.

गोल घुमटच घ्या. आत एक खांब नाही. एकमेकांत गुंतलेल्या आठ कमानींनी बाहेरून ४४ मीटर व्यासाचा घुमट पेललाय, आणि खाली १६५६ साली वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची कबर. कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या अरुंद जिन्यानं धापा टाकत सज्जात पोचलो, तर वर शाळांच्या सहली. शिट्ट्या, किंकाळ्या. पलीकडची कुजबुज ऐकू येते म्हणून जो सज्जा प्रसिद्ध, तिथं मला शेजारच्या वहिनींचं बोलणं कळेना.

मग एक सहल उतरली, दुसरी अजून जिन्यात होती. तेवढ्या फटीत समोरच्या बाजूला काकांनी भिंतीला तोंड लावून हळूच विचारलं, "अगं, गोळी घेतलीस काय?" ते आम्हा सगळ्यांच्या कानाशी आलं. काकू लाजून लाल. लगेच खालून फोन, "चला की, अजून पाच राहिलीत!"

पुढं मलिक-ए-मैदान. १५४९ साली अहमदनगरात ओतलेली, ५५ टनांची तोफ, तोंडाशी सिंहाच्या जबड्यात हत्ती. इंग्रजांनी १८५४ मध्ये लिलावात काढली तर बोली आली दीडशे रुपये! आम्ही तरी काय केलं, फोटो काढले आणि बसमध्ये बसलो.

इब्राहिम रोज्याला, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कबरीला, पंधरा मिनिटं. तिथल्या दगडी जाळ्यांतली नक्षी म्हणजे कोरलेली अक्षरं आहेत, हे मला बस सुटल्यावर मोबाईलवर वाचून कळलं. त्याच जाळीला पाठ करून सेल्फी काढली होती मी.

जेवणाला मात्र सव्वा तास. त्याबद्दल तक्रार नाही हं, कडक भाकरी, येण्णेगाई म्हणजे भरली वांगी आणि शेंगाचटणीपुढं घाई कसली.

आता पुढच्या महिन्यात बदामी, ऐहोळे, पट्टदकल, तेही एका दिवसात म्हणे. मी ग्रुपवर लिहिलंय, "फक्त बदामी करूया." अजून एकाचाही अंगठा आलेला नाही.