धोळावीराला नदी नव्हती, तरी शहर होतं

दादर-गिरगावच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे: वाळवंटात शहर वसूच शकत नाही, म्हणजे गुजरातमधलं धोळावीरा आणि राजस्थानातलं कालीबंगा या सिंधू संस्कृतीच्या प्राचीन शहरांपाशी तेव्हा हिमालयातून येणारी बारमाही महानदी होती, ती आटली आणि संस्कृती एका रात्रीत संपली.

पहिलं विधान धोळावीरानेच खोटं पाडलं आहे. कच्छच्या रणातल्या खडीर बेटावर मोठी नदी नव्हतीच. मानसर आणि मनहर हे दोन ओढे, तेही पावसाळ्यापुरते. लोकांनी त्यांवर बंधारे घातले, पाणी तटबंदीच्या आत वळवलं आणि तलावांच्या रांगेत साठवलं. काही तलाव थेट खडकात कोरलेले. पूर्वेकडचा सुमारे ७३ मीटर लांब आणि २९ मीटर रुंद आहे. मोहेंजोदडोचं प्रसिद्ध स्नानकुंड जेमतेम १२ मीटर लांब. बालेकिल्ल्यावर पडणारा पाऊसही दगडी नाल्यांतून गोळा होई. मुंबईकराला हे पटायला हवं: चार महिन्यांचा पाऊस तानसा, वैतरणा, भातसा इथे अडवून आपणही वर्षभर तोच पितो. रुक्ष मुलखात पाणी राखणाऱ्या त्या माणसांचं कसब ‘नदी होती’ या दोन शब्दांत पुसलं जातं, याचा मला राग येतो.

कालीबंगा मात्र घग्गर या हंगामी नदीच्या काठी आहे, तेव्हा तिथे नदीचा प्रश्न खरा आहे. २०१७ साली आयआयटी कानपूर आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी गाळाच्या थरांवरून दाखवलं, की हिमालयातून येणाऱ्या सतलजने घग्गरचा हा मार्ग ८,००० वर्षांपूर्वीच सोडला होता, म्हणजे शहरं वसण्याच्या कितीतरी आधी. मागे उरलेल्या सखल खोऱ्यात उलट मोठ्या पुरांची भीती नव्हती. २०१९ सालच्या एका अभ्यासाचं म्हणणं वेगळं आहे: साधारण ४,५०० वर्षांपूर्वीपर्यंत प्रवाह बारमाही होता. वाद चालू आहे, आणि फिरणाऱ्या मजकुरात त्याचा मागमूसही नाही.

‘एका रात्रीत’ला तर काहीच आधार नाही. पुरातत्त्वज्ञ आर. एस. बिष्ट यांच्या उत्खननात धोळावीराच्या वस्तीचे सात टप्पे दिसले. शहरपण हळूहळू ओसरलं, मध्ये वस्ती उठली, लोक परत आले आणि अखेरीस गोल झोपड्यांत राहिले. शहरं ओसरत असताना सौराष्ट्रात आणि गंगा-यमुनेच्या वरच्या दुआबात लहान गावं वाढत होती.