समुद्राच्या तळाची नांगरणी होत नसते

परवा मामांनी मला पुढे पाठवलेल्या संदेशाचा आशय असा : किनाऱ्यावरची गावे समुद्राचा काही भाग मासेमारीसाठी बंद करा म्हणतात, तेव्हा ती बाहेरच्यांच्या नादी लागून स्वतःच्याच पोटावर पाय आणतात, मासा कधी संपत नसतो आणि जाळ्याने तळ नांगरला की पीक उलट वाढते. मामांसारख्या विचारी माणसाला हे पटावे, याचे मला फार वाईट वाटले.

नांगरणीचा मुद्दा आधी घेतो, कारण सर्वाधिक घातक तोच आहे. शेतकरी नांगरतो ते पुढे पेरायचे असते म्हणून. समुद्राच्या तळाशी कोणी पेरत नाही, तिथे पीक उभेच असते. स्कॉटलंडमधील ॲरन बेटाच्या लॅमलॅश उपसागरात मार्ल नावाचे शेवाळ आहे, गुलाबी, चुन्यासारखे कडक आणि बारीक फांद्यांचे. ते वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढते आणि त्याच्या फटींत स्कॅलप शिंपल्यांची पिल्ले आसरा घेतात. लोखंडी दात्यांची जड चौकट त्यावरून ओढली की फांद्यांचा चुरा होतो, उरलेले गाळाखाली गाडले जाते आणि ते भरून येण्यास कित्येक दशके लागतात. तळ ढवळल्यावर किडे उघडे पडतात आणि ते खायला मासे काही काळ जमतात, एवढे खरे. पण जमलेला मासा म्हणजे वाढलेला मासा नव्हे.

‘बाहेरच्यां’बद्दल सांगायचे, तर ॲरनवर 1995 मध्ये संघटना उभी केली ती हॉवर्ड वुड आणि डॉन मॅकनीश या तिथल्याच दोन पाणबुड्यांनी. 13 वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, 2008 मध्ये, लॅमलॅशचा एक भाग मासेमारीसाठी पूर्ण बंद झाला.

बंदीची पहिली वर्षे जड जातात, आणि मच्छीमारांना न विचारता ती लादली तर त्यांचे नुकसानच होते, हे मला मान्य करावे लागेल. मात्र मेक्सिकोतील काबो पुल्मो येथे स्थानिक कुटुंबांच्याच आग्रहाने 1995 मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान झाले, आणि 2011 मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार 1999 ते 2009 या काळात तिथल्या माशांचे एकूण वजन 463 टक्क्यांनी वाढले. तिथली बरीच घरे आज पाणबुड्या पर्यटकांवर चालतात.

राहिला न संपणारा मासा. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यालगतचे छोटे मच्छीमार कॉड घटत चालल्याचे आधीपासून सांगत होते. 1992 मध्ये सरकारला ती मासेमारी थांबवावी लागली आणि सुमारे 30,000 लोकांचे काम गेले. दोन वर्षांसाठी म्हणून जाहीर झालेली ती बंदी औपचारिकरीत्या उठायला 2024 साल उजाडले.