आता उघडलंच आहे तर...

जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या माणसाला "गाडी कशी आहे?" असे कोणी विचारत नाही. ओळखीचे लोक थेट "सध्या काय निघालंय?" असेच विचारतात. माझी गाडी दोन आसनांची, मागच्या चाकांवर जोर देणारी, व्ही आकारात मांडलेल्या सहा सिलिंडरांची आणि वयाने अशा टप्प्यावरची आहे की तिला नवी म्हणणारे कोणी उरलेले नाही आणि दुर्मीळ म्हणायला अजून कोणी तयार नाही. आपले दुखणे सांगायचे तिच्यापाशी दोनच मार्ग आहेत. एक डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा आणि दुसरा आवाज. दिवा नेमके बोलतो, पण भलत्याचे नाव घेतो; आवाज खोटे बोलत नाही, पण पत्ता सांगत नाही.

आधी दिव्याचे सांगतो. तो लागला की गाडीचा संगणक बिघाडाचा एक कोड जपून ठेवतो. स्कॅनर नावाचे यंत्र जोडून तो कोड वाचण्यासाठीचा सोळा पिनांचा सॉकेट अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सर्व नव्या गाड्यांना आणि युरोपीय संघात २००१ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना सक्तीचा झाला. तो स्टिअरिंगपासून साधारण दोन फुटांच्या आत असावा, असा दंडक आहे. हे दोन फूट कोणत्या दिशेने मोजायचे, हे बहुधा गाडीच्या आखणीकारावर सोडलेले असावे, कारण माझ्या गाडीत तो पायाच्या पेडलांच्या वर, पॅनेलच्या आतल्या कडेला, तोंड खाली करून बसलेला आहे. जमिनीला टेकलेल्या त्या गाडीत शिरून मान ब्रेकच्या पेडलापाशी आणि पाय दाराबाहेर अशा अवस्थेत मी स्कॅनर जोडत असताना येणारे-जाणारे थांबून विचारतात, "काही हरवलंय का?" याचे खरे उत्तर 'मनःशांती' असे आहे, पण मी नुसताच हुंकार देतो.

स्कॅनरवर 'पी०१७१' आणि 'पी०१७४' असे दोन कोड उमटले. यांची रचना मोठी शिस्तीची असते. पहिले अक्षर इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग दाखवते, पुढचे शून्य म्हणजे हा कोड सर्व कंपन्यांना सामाईक आहे, त्यानंतरचा एक म्हणजे भानगड हवा आणि इंधनाच्या मापाची आहे. एवढ्या शिस्तीने सांगितलेली गोष्ट ही, की इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे मिश्रण लीन आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. यातले 'का' मात्र कुठेच लिहिलेले नसते. कोड म्हणजे पोलिसात नोंदवलेली फिर्याद असते, निकाल नव्हे. आणि आमच्या मेकॅनिकचा रिवाज असा, की फिर्याद ज्याने नोंदवली त्यालाच प्रथम आत टाकायचे.

"साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेलाय," त्याने बॉनेट उघडण्यापूर्वीच जाहीर केले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजून मिश्रणाची फिर्याद नोंदवणारा तो हाच.

"पण दोन्ही बाजूंचे सेन्सर एकाच दिवशी कसे जातील?"

"जोडीनेच जातात साहेब. वय झालं ना."

गाडीचे वय हा असा युक्तिवाद आहे की त्यापुढे मालकाची बोलती बंद होते. तरीही मी स्कॅनरमधले चालू आकडे उघडून त्याच्यापुढे धरले. मिश्रण लीन असल्याचे सेन्सरने कळवले की संगणक पेट्रोल वाढवतो, आणि किती वाढवतो ते 'फ्युएल ट्रिम' या नावाखाली टक्क्यांत दिसते. गाडी जागेवर सुस्त गतीने चालू असताना दोन्ही बाजूंना अधिक २२ टक्के दिसत होते. इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर नेताच ते ६ वर उतरले. पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर दमला असता तर मागणी वाढल्यावर आकडा वर गेला असता. तो खाली आला याचा अर्थ कुठून तरी मापात न धरलेली हवा आत शिरत होती. सुस्त गतीत इंजिन मुळातच थोडी हवा घेत असल्याने त्यात चोरट्या हवेचा वाटा मोठा पडतो, आणि वेग वाढला की तो किरकोळ होतो. दोन्ही बाजूंनी सारखीच ओरड आहे म्हटल्यावर भोकही दोघींच्या सामाईक मार्गावर हवे. मेकॅनिकने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मग सेन्सर आत्ता टाकायचे की उद्या?"

अखेर इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात, धूर सोडून पाहण्यास त्याला राजी केले. थोड्या वेळाने सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डच्या पोटाखालून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि आळसटपणे वर आली. तिथे इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी, काटकोनात वळलेली बोटभर रबरी नळी होती. वरून ती तुकतुकीत काळी, अगदी निरोगी दिसत होती. उलटी करून दाबली तेव्हा खालच्या वळणावर नख आत जाईल अशी चीर उघडली आणि कडेचा रबर खडूसारखा भुगा होऊन बोटांवर आला. दोन्ही सेन्सर निर्दोष सुटले. त्यांनी खरे तेच सांगितले होते, एवढाच त्यांचा गुन्हा.

याच काळात एका हितचिंतकाने, दिवा घालवण्याचा रामबाण उपाय म्हणून, मला न विचारता बॅटरीची तार काढून पुन्हा जोडली. दिवा गेला हे खरे. त्याबरोबर बिघाडाच्या क्षणी इंजिनाचे तापमान, वेग आणि भार किती होता याची संगणकाने जपलेली नोंदही गेली, आणि काचा कुठवर वर जायच्या हे खिडक्या विसरल्या. आणि इतके दिवस मी ज्या गाडीकडून कोड मागत होतो, तिच्या रेडिओने उलट माझ्याकडेच कोड मागायला सुरुवात केली. (दिवा लुकलुकत असेल तर मात्र असले प्रयोग दूर ठेवून गाडी बाजूला घ्यावी, मिसफायरमधले न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो आतून वितळू शकतो. तो बदलण्याचा खर्च ऐकून मालकही वितळतो.)

नळी बदलली, दिवा विझला, इंजिन सुतासारखे सरळ आले आणि त्यामुळेच मागून येणारी गुणगुण ऐकू येऊ लागली. साठच्या वेगाला ती सुरू होई आणि ऐंशीला गाडीत तिसरे कोणी बसले आहे असे वाटे. मी मोबाइलवर ध्वनीचे आलेख काढणारे अॅप घेतले आणि गणित मांडले. चाकाचा घेर सुमारे दोन मीटर धरला तर ताशी ७२ किलोमीटरला चाक सेकंदाला १० फेऱ्या घेते. मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलचे प्रमाण साधारण ४ असल्यास गिअरबॉक्सपासून तिथवर जाणारा दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, ४० घेतो. आणि त्याच्या टोकाच्या दातेरी चाकाला, म्हणजे पिनियनला, दहा दाते असतील तर दातांच्या मिलनाचा सूर सेकंदाला ४०० कंपनांच्या आसपास यायला हवा. आलेखातले शिखर या तिन्ही जागा सोडून भलतीकडेच उभे होते. मग रिकाम्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. इंजिन शांत झाले, गुणगुण तशीच. पुन्हा गिअर टाकून अॅक्सिलरेटर दाबला, सोडला, तरी सूर बदलला नाही, म्हणजे डिफरन्शियलही सुटले. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो आणि तिकडचे बेअरिंग खराब असेल तर ते कण्हते. त्यासाठी हलकेच डावी-उजवीकडे झोके दिले, तेव्हा कण्हला तो फक्त शेजारी बसलेला मेव्हणा. गुळगुळीत नव्या डांबरावर गाडी आली तशी गुणगुण निम्मी झाली, आणि उरला तो टायर.

अशा वेळी पुढचे टायर मागे टाकून आवाज जागा बदलतो का ते पाहावे, असे सगळे जाणकार सांगतात. जाणकारांकडे बहुधा साध्या गाड्या असतात. माझ्या गाडीचे मागचे टायर पुढच्यांहून रुंद आहेत, त्यामुळे पुढचे मागे जात नाहीत. आणि त्यांना फिरण्याची ठरावीक दिशा आहे, त्यामुळे डावे उजवीकडेही जात नाहीत. अखेर मागच्या टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवला. एका दिशेने मखमल लागली, उलट दिशेने प्रत्येक ठोकळ्याची कड करवतीसारखी बोटात अडकली. चाकांचा कोन बिघडल्याची ती खूण होती. टायर आणि अलाइनमेंट, दोन्ही करून घेतले.

शांतता पारखायला साक्षीदार म्हणून मी पुन्हा मेव्हण्यालाच बसवले. तो बराच वेळ डोळे मिटून होता.

"भाऊजी, गुणगुण गेली. पण ही करकर केव्हापासून आहे?"

"कुठली करकर?"

"तुम्ही क्लच दाबता तेव्हाची."

मी क्लच दाबला. करकर होती. सोडला, गेली. आवाज क्लच सोडल्यावर आला असता तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा संशय घेता आला असता; पेडल दाबल्यावरच येतो म्हणजे क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग. एवढ्याशा भागासाठी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. मेकॅनिकच्या चेहऱ्यावर मी प्रथमच निखळ आनंद पाहिला. "आता उघडायचंच आहे तर साहेब, क्लच प्लेट घेऊन टाकू. प्लेट निघालीच आहे तर फ्लायव्हील बघू. फ्लायव्हील निघालं तर मागचं ऑइल सील कशाला सोडायचं?" सील बदलताना इंजिनच बाहेर काढण्याचा विषय निघणार, हे ओळखून मी बॉनेट लावले.

क्लच घसरायला लागेपर्यंत बेअरिंगला हात लावायचा नाही, असे ठरवले आहे. तोवर सिग्नलला पेडल दाबून न थांबता गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पाय बाजूला ठेवायचा, म्हणजे बेअरिंगवर भार येत नाही. मेव्हण्याला हा नियम पटला आहे. दिवा लाल झाला की तो रस्त्याकडे न बघता माझ्या डाव्या पायाकडे बघत बसतो आणि हिरवा झाल्याचे मागचे हॉर्न आम्हा दोघांना कळवतात.