पर्यावरणवादी नेत्याचे स्मरण कसे करावे?

पर्यावरणासाठी झटलेल्या नेत्याचे निधन झाले की स्मारक समिती स्थापन करणे हे आपले पहिले कर्तव्य असते, आणि नागपूरकर या कर्तव्यात सहसा कमी पडत नाहीत. दिवंगत व्यक्ती अनिल माधव दवे यांच्यासारखी आडमुठी निघाली तर मात्र पंचाईत होते. केंद्रीय पर्यावरणमंत्री असताना 18 मे 2017 रोजी त्यांचे निधन झाले आणि 2012 मध्येच लिहून ठेवलेले त्यांचे इच्छापत्र बाहेर आले. स्मारक, स्पर्धा, पुरस्कार, पुतळा यांपैकी काहीही करू नये. करायचेच असेल तर झाडे लावून ती वाढवावीत, नद्या व जलाशय राखावेत, आणि तेही करताना आपले नाव वापरू नये, असे त्यात होते. एवढ्या चार ओळींत त्यांनी किती कंत्राटदारांच्या पोटावर पाय दिला, याचा आपणच विचार करावा.

ते संघाचे प्रचारक राहिलेले असल्यामुळे आपल्या शहराला परके नव्हते, म्हणून येथे त्यांचे अनुकरण होण्याचा धोका अधिक आहे. सभेत त्यांचे चरित्र निवडूनच सांगावे. नर्मदेच्या काठाकाठाने त्यांनी छोटे विमान नेले, तिच्या प्रवाहातून राफ्टने प्रवास केला, हे साहसकथा म्हणून खुशाल सांगावे. भोपाळमधील त्यांच्या वास्तूचे नाव ‘नदी का घर’ होते, हे मात्र टाळावे. नाग नदीचे घर कोठे आहे, असे एखादा श्रोता विचारायचा. तिच्या पात्रालगत आपली घरे आहेत, तेवढे तिला पुरे.

पुतळ्याचा मोह आवरतच नसेल तर जागा विचारपूर्वक निवडावी. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, खालच्या वस्त्यांत पाणी शिरले, आणि सांडव्यापाशी उभारलेले विवेकानंद स्मारक प्रवाहाच्या वाटेत येते, हा आक्षेप उच्च न्यायालयात पोहोचला. स्वामीजींचा यात काहीच दोष नाही. जागा ठरवताना त्यांना कोणी विचारले नव्हते. तेथे एखाद्या नदीप्रेमी मंत्र्याचा पुतळा असता, तर पाणी आपणहून त्यांच्या दर्शनाला आले होते, असे निदान शपथपत्रात लिहिता आले असते.

उरते वृक्षारोपण. दवे यांनी ‘लावा’ याच्या पुढे ‘वाढवा’ असेही लिहून ठेवल्यामुळे हे काम वाटते तितके सोपे राहिलेले नाही. त्यावर उपाय म्हणून मुहूर्त 5 जूनचाच धरावा. नवतपा, म्हणजे ऐन उन्हाचे नऊ दिवस, नुकताच सरलेला असतो, पावसाला अजून अवकाश असतो आणि माती अशी तापलेली असते की कडुनिंबाच्या रोपालाही आपले भवितव्य तत्काळ समजते. उद्यापासून पाणी कोण घालणार, असे विचारणाऱ्या सदस्याला समितीतून काढू नये, तो बाहेर जाऊन बोलतो. त्याला उपाध्यक्ष करावे.

शेवटची अट नावाची, आणि ती मात्र काटेकोरपणे पाळावी. रोपापेक्षा उंच असा फलक लावून त्यावर ‘दिवंगत नेत्यांच्या इच्छेचा मान राखून येथे त्यांचे नाव दिलेले नाही’ असे ठळक अक्षरांत लिहावे. त्याखाली अध्यक्ष, कार्याध्यक्ष, स्वागताध्यक्ष आणि सर्व उपाध्यक्ष यांची नावे छायाचित्रांसह द्यावीत. त्यांनी असे कोणतेही इच्छापत्र केलेले नाही.