पी१६ पॉझिटिव्ह म्हणजे सुटका नव्हे

टॉन्सिलच्या गाठीची बायॉप्सी. फॉर्मवर वय ७२ आणि खाली पेनानं लिहिलेलं, 'जुना तंबाखू खाणारा, पी१६ नको.' पी१६ ही गाठीवर करायची चाचणी; कॅन्सरमागे एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू आहे का, याचा ती अंदाज देते. असे फॉर्म मी नेहमी बघते. उलटंही होतं. चाळिशीचा निर्व्यसनी माणूस असला की पी१६ तातडीनं हवं असतं, आणि ते पॉझिटिव्ह आलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि मला या दोन्हींचा राग येतो.

पी१६ म्हणजे विषाणू नव्हे. ते आपल्याच पेशीतलं प्रथिन, पेशीच्या विभाजनाचा ब्रेक. एचपीव्ही-१६ या विषाणूचं ई७ प्रथिन आपल्या पेशींना आवर घालणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करतं. आरबीचा वचक गेला की पी१६ भरमसाट साठतं. म्हणजे ब्रेक तळापर्यंत दाबलाय, पण वायर तुटलेली, गाडी सुसाट! स्लाइडवर हे दाट तपकिरी दिसतं. किमान ७० टक्के कॅन्सरपेशींच्या केंद्रकात आणि पेशीद्रवात ठळक रंग आला, तरच आम्ही पॉझिटिव्ह लिहितो. तंबाखूच्या कॅन्सरमध्ये बरेचदा पी१६चं जनुकच गळालेलं असतं.

या तपकिरी रंगाला भाव आला तो २०१० च्या एका अमेरिकी अभ्यासानंतर. एचपीव्हीमुळे झालेल्या घशाच्या कॅन्सरचे ८२ टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, बाकीच्यांपैकी ५७ टक्के. पुढे पी१६ पॉझिटिव्ह गाठींना स्टेजिंगही, म्हणजे कॅन्सरची पायरी ठरवण्याची पद्धतही, वेगळी मिळाली.

पण धूर दिसला की अग्नी असणारच, हे न्यायशास्त्रात ठीक. इथे कधी कधी धुकंच धूर वाटतं. २०२३ मध्ये अनेक देशांच्या साडेसात हजारांवर रुग्णांचा एकत्रित अभ्यास आला. नऊ टक्क्यांच्या आसपास रुग्णांत पी१६ एक सांगत होतं आणि विषाणूची चाचणी दुसरंच. पी१६ आहे पण विषाणू नाही, अशांपैकी पाच वर्षांनी जेमतेम ५५ टक्के हयात. दोन्ही असलेल्यांत ८१. आणि जिथे एचपीव्हीचा वाटा कमी, तिथे ही फसगत जास्त. आपल्या तंबाखू-गुटख्याच्या मुलखात घशाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्हीचा वाटा कमीच आहे. म्हणून उपचार हलके करायचा विचार असेल, तर आधी विषाणूची थेट चाचणी करा. खर्च होतो, मान्य. पण विषाणूवाल्या रुग्णांतसुद्धा सिसप्लॅटिन या नेहमीच्या केमोऐवजी सेटुक्सिमॅब हे औषध दिल्यावर निकाल वाईट आले होते, हे २०१८ मध्येच दोन चाचण्यांनी दाखवलंय.

आता वय. संसर्ग आणि गाठ यांत दशकं जातात, अमेरिकेत या रुग्णांचं सरासरी वय चढत चाललंय. विषाणू आधार कार्ड बघत नाही, तेव्हा ७२ व्या वर्षीही पी१६ कराच. फक्त ते गाठीबद्दल सांगतं, गाठ वागवणाऱ्या माणसाबद्दल नाही. म्हातारपणी मूत्रपिंडं आणि कान सिसप्लॅटिन किती सोसतील, ते माझ्या स्लाइडवर दिसत नाही.

परवा एक ताई रिपोर्ट घेऊन खाली आल्या. साठीच्या असतील. दबक्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, हा विषाणू म्हणजे यांचं बाहेर काही होतं का?" मी म्हटलं, हा बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधीतरी होतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलीच चाचणी सांगू शकत नाही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग रिपोर्टची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"बरं. मग रेडिएशनचा शेक कधीपासून चालू?"

ते मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना तिसऱ्या मजल्यावर पाठवलं.