नुसती उंची काय सांगता, खोली सांगा ना!
परत तेच! 'एलियन' राक्षसाचा वन-फोर्थ स्केल, म्हणजे मूळच्या पाव आकाराचा पुतळा घेतला, 1979 च्या सिनेमातला, चित्रकार गिगरच्या डिझाइनवरचा, आणि जाहिरातीत फक्त उंची. अरे पण ती शेपटी मागे केवढी जाते, ते लांबट डोकं किती पुढे-मागे येतं, बेस किती रुंद, वजन किती, हे कोण सांगणार? हा तिसरा पुतळा, तिन्ही वेळा हेच. घोडबंदर रोडला आमचा वन बीएचके, काचेचं कपाट आतून मोजून 14 इंच खोल, आणि शेपटीचं टोक बरोब्बर दोन बोटं बाहेर, दार लागतच नाही, मग त्या फटीतून मेट्रोच्या कामाची धूळ रोज आत आणि एकदा का दातांच्या मध्ये बसली की मेकअपच्या ब्रशनेसुद्धा निघत नाही. बरं पुतळा पॉलिस्टोनचा, म्हणजे रेझिनमध्ये दगडाची पूड, चांगलंच जड, पातळ काचेच्या फळीवर ठेवायची छाती होत नाही. खिडकीपाशी ठेवावं तर उन्हाने रंग उडणार. फोटो मात्र बारा अँगलचे, तेही प्रोटोटाइपचे, म्हणजे पहिल्या नमुन्याचे. एक ओळ लिहा ना राव, उंची, रुंदी, खोली, शेपटीसकट!