बे साते चौदा

घरात माणसं पाच आणि बाथरूम एक. त्यात मी एका बंद पडलेल्या स्टुडिओतून जुना एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायचं यंत्र, विकत आणला आणि वॉशिंग मशीनवर बसवला. इंदूरच्या रामबागेत असं काही घरात शिरलं की गल्लीला कळतंच. शेजारचे काका दारातूनच म्हणाले, "भिया, ज्यूस की मशीन लाए क्या?" काका पक्के मराठी, पण उंबऱ्याबाहेर उभे राहिले की इंदुरी होतात.

निमित्त बाबांच्या निगेटिव्हचं. बिस्किटाच्या डब्यात गुंडाळ्या सापडल्या आणि मला वाटलं, यांचे फोटो आपणच काढू. याच इंदुरात बांधकाम खात्यात नोकरी करता करता राजा दीनदयाळ यांनी १८७४च्या सुमारास कॅमेरा हातात घेतला, मग मी का मागे राहू? फरक एवढाच की त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह ताटाएवढ्या, कागदावर ठेवल्या की तेवढाच फोटो. माझी निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटर. ती आठ बाय दहा इंचांवर न्यायची म्हणजे सातपट ताणायची, आणि तिच्याबरोबर तिच्यावरची धूळही सातपट. पहिल्याच फोटोत आत्याच्या ओठावर शुभ्र मिशी आली. तो निगेटिव्हवर चिकटलेला केस होता. दुसऱ्या फोटोत मिशी गेली, पण निगेटिव्ह उलटी लागली. मंद बाजू खाली हवी, मी चकचकीत ठेवली. पदर उजव्या खांद्यावर गेला. आईने फोटो बघून विचारलं, "वन्सं गुजराती पदर कधीपासून घ्यायला लागल्या?"

अंधार करणं सोपं असेल असं वाटलं होतं. झरोक्याला छत्रीचं काळं कापड लावलं, दाराखाली गोधडी कोंबली, आणि गणपतीच्या आराशीतला झीरोचा लाल बल्ब लावला. सगळे फोटो राखाडी, जणू वर पिठलं सांडलंय. शेवटी कागदाच्या तुकड्यावर रुपया ठेवून पाच मिनिटं त्या लाल उजेडात राहू दिला आणि डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, घातला. भोवती कागद काळवंडला, मधे रुपयाएवढा पांढरा चंद्र राहिला. बल्ब पुन्हा आराशीत गेला. मग रीतसर डार्करूमचा दिवा आणला. त्याची किंमत घरात अजून कुणाला सांगितलेली नाही.

डेव्हलपर २० अंशांवर हवा. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यात चहाची पत्ती टाकली तर रंग यावा. म्हणून ट्रेखाली परात आणि परातीत बर्फ. ट्रे म्हणजे लग्नात आहेर आलेले चहाचे ट्रे. डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या स्टॉप बाथला एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी. दोन दिवस आई लोणच्याच्या बरण्या हुंगत होती.

खरी अडचण वेळेची: कागदावर उजेड किती सेकंद पाडायचा. टायमर नव्हता, म्हणून मी पाढे म्हणायला लागलो. बेचा पाढा सावकाश म्हटला की बरोबर दहा सेकंद. आधी कागदाची पट्टी घेऊन दोन-दोन सेकंदांनी उजेड वाढवत न्यायचा आणि कुठली पायरी बरी ते बघायचं. बाबांच्या एका फोटोला 'बे साते चौदा' बसलं. दाट निगेटिव्हला जास्त वेळ लागतो म्हणून एकदा एकोणिसाचा पाढा घेतला. 'एकोणीस साते'ला अडलो आणि उत्तर आठवेपर्यंत आजोबा कोळसा झाले.

पण सगळ्यात मोठं संकट नर्मदा. तिचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, आणि नेमकं मी 'बे पंचे'ला पोचलो की बाहेरून हाळी येते, "नळ आले! मोटर लावा!" मोटरचं बटण बाथरूममध्येच, कारण हे घर आजोबांनी बांधलं आणि वायरिंग त्यांच्या मित्राने केलं. एकदा बायकोने दार उघडलंच. कागदांचं उघडं पाकीट मांडीवर होतं. पंचवीसच्या पंचवीस कागद वाया गेले. ती म्हणाली, "मग आधी सांगायचं ना, कागद आहेत म्हणून." आणि फोटो धुवायला मी नळ सोडला की घरातल्या प्रत्येकाला अचानक आपण वाळवंटात राहतो याची आठवण होते.

गेल्या रविवारी आई म्हणाली, "मी बसते आत. मोटर मी बघते, पाढेही म्हणते." ती उलट्या बादलीवर बसली. तिने बेचा पाढा सातापर्यंत असा म्हटला की मला शाळेत उभं राहिल्यासारखं वाटलं. मी कागद डेव्हलपरमध्ये सरकवला आणि ट्रे हलवू लागलो. अर्धा मिनिट कोराच. मग, नेहमीसारखं, गडद तेवढं आधी आलं: चपला, चष्म्याची फ्रेम, केस. चेहरा अजून कुठेच नव्हता. आई वाकली.

"हे कुणाचे केस?"

"बाबांचे."

"छे! एवढे केस त्यांना कधी होते?"

तेवढ्यात दारावर थाप पडली. बाबा. "अगं, अजून किती वेळ? मला जायचंय."

आईने ट्रेवरची नजर न काढता उत्तर दिलं, "थांबा हो जरा, तुमचं तोंड अजून आलेलं नाही!"